मेंदूबाईंचे भाऊजी

४ मार्च

वहिनींना नमस्कार.

टिल्लीनं फोन करून तुमच्यापुढे सगळं ओकून टाकलं असणार. तरी माझ्याकडूनही कळलेलं बरं. फोनवर तुम्ही बोलता तेव्हा मला डब्यात कोंडलेली माशी ऐकू येते, म्हणून हा कागद. उभा जन्म गिरणीच्या बॉयलरशेजारी काढला, त्यात कान गेले. पोट मात्र शाबूत होतं. आता तेही गेलं.

आतड्यात गाठ आहे. सर्जन तरुण आहे, हसतमुख आहे. मला ऐकू यावं म्हणून त्यानं एवढ्या मोठ्यानं सांगितलं की बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना माझी गाठ कळली. "काका, आत्ता काढली तर निवांत काढता येईल. वाट अडवून बसली की धावपळीत काढावी लागेल." कशाची आहे ते काढल्यावर तपासून कळेल म्हणतो.

मी नाही म्हणून आलो. टिल्ली दोन दिवस बापाशी बोलत नाहीये. बोलली तरी मला कुठे ऐकू येणार, पण तोंड फुगलेलं दिसतं.

वहिनी, तुम्हाला तरी कारण सांगायला नको. दादाचं ऑपरेशन झकास झालं होतं. टाके सुकले, ताप नाही, डॉक्टरांनी पाठ थोपटली. आणि घरी आला तो दुसराच कुणी. भिंतीशी बोलणारा, मला चोर म्हणणारा. दादा तिथेच कुठेतरी राहिला आणि आपण त्याचं अंग तेवढं घरी आणलं. मला ते नको. गाठीनं मरायचं तर मरेन, पण मरेन तो मीच असेन.

तुम्ही रागावणार हे धरून चाललोय.

तुमचा धाकटा

---

९ मार्च

भाऊजी, आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

टिल्लीनं ओकलं नाही, मी पिळून काढलं. ती "काही नाही हो काकू" एवढंच म्हणत होती. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसलेय मी, 'काही नाही' म्हणणाऱ्याच्या आवाजात काय काय असतं ते मला कळतं.

आता एक गोष्ट सांगते, जी तुम्हाला सांगायची राहून गेली. गेल्या वर्षापासून मी इथल्या हॉस्पिटलात जाते. दुखणं म्हणून नाही, कामाला. भूल देणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आहेत. ऑपरेशन ठरलेल्या म्हाताऱ्यांचा त्या वर्ग घेतात. एक्सरेच्या खोलीला लागून एक खोली आहे, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि फळ्यावर एक मेंदूचं चित्र, जे सोललेल्या अक्रोडासारखं दिसतं. ऑपरेशनच्या आधी पोटाची, हृदयाची, रक्ताची तयारी सगळे करतात, डोक्याची कुणी करत नाही, म्हणून हा वर्ग. तिथे सगळे माना डोलावतात आणि घरी जाऊन विसरतात. तर दुसऱ्या दिवशी मी एकेकाला फोन करते. म्हातारीचं म्हातारे ऐकतात, असा डॉक्टरीणबाईंचा समज. मला आता सगळे मेंदूबाई म्हणतात.

मी त्या वर्गात पहिल्यांदा गेले ते मैत्रिणीला सोबत म्हणून. डॉक्टरीणबाई सांगायला लागल्या, की मोठ्या ऑपरेशननंतर काही म्हाताऱ्या माणसांचा मेंदू गोंधळतो. दिवस-रात्र कळत नाही, नसलेलं दिसतं, घरच्या माणसांचा संशय येतो. आणि मी तिथेच, त्या प्लास्टिकच्या खुर्चीत, तोंडाला पदर लावून रडले. ह्यांना जे झालं त्याला नाव होतं, भाऊजी! वेड नव्हतं ते. म्हातारचळही नव्हता. आजारपणातला गोंधळ होता. आपल्याला कुणी आधी सांगितलं नव्हतं आणि नंतरही कुणी सांगितलं नाही.

बहुतेकांचा गोंधळ काही दिवसांत निवळतो. काहींचा रेंगाळतो. ह्यांचा रेंगाळला. मी तुम्हाला खोटी हमी देणार नाही, डॉक्टरीणबाईही देत नाहीत. पण आधीपासून तयारी केली तर पुष्कळदा टळतो, किंवा आला तरी हलका येतो, हे त्या शपथेवर सांगतात.

म्हणून विचारते आणि खरं उत्तर हवंय. कानाचं यंत्र घेतलंत का? आणि झोप कशी लागते?

तुमच्या वहिनी

---

१६ मार्च

मेंदूबाईंना मानाचा मुजरा.

घराण्यात कुणी मेंदूच्या वाटेला गेलं नव्हतं, तुम्ही नाव काढलंत.

कानाचं यंत्र म्हाताऱ्यांसाठी असतं. शेजारी एकजण आहेत, त्यांचं सारखं शिट्टी मारतं. मला आयुष्यभर शिट्ट्या ऐकून कंटाळा आलाय. शिवाय ऑपरेशन पोटाचं. ते पोट कापणार की कान?

झोप उत्तम. पडलो की घोरतो. टिल्लीला विचारा, भिंती हलतात म्हणते. सकाळी उठून तळ्याला चक्कर मारतो, पेपरातलं शब्दकोडं सोडवतो, भांडी घासतो. टिल्लीचे ड्रायव्हिंगचे विद्यार्थी सकाळपासून दारात उभे असतात. ही एवढीशी, खाली उशी घेऊन बसते आणि थोराड माणसांना दटावते, "क्लच! क्लच म्हटलं ना!" ते ऐकू येत नाही, पण त्यांचे चेहरे बघून कळतं.

तुमची खुर्चीतली गोष्ट वाचली. काय लिहावं कळलं नाही, म्हणून यंत्राची थट्टा केली. रागावू नका.

ऑपरेशनला अजून नाहीच म्हणतोय. पण पूर्वीएवढ्या जोरात नाही.

तुमचा धाकटा

---

२० मार्च

भाऊजी,

पोट कापणार की कान, हा प्रश्न मी डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, हा प्रश्न फळ्यावर लिहायला हवा.

ऐका. तुम्ही शुद्धीवर याल. अनोळखी खोली, वर दिवा, नाकात नळी, पोटात कळ. हिरव्या कपड्यातली माणसं तुमच्यावर वाकून काहीतरी बोलतायत आणि तुम्हाला फक्त हलणारी तोंडं दिसतायत. चष्मा नाही म्हणून तीही धड दिसत नाहीत. आता अर्धवट गुंगीतला मेंदू काय करेल? ऐकू न आलेलं स्वतःच रचेल. आणि भ्यालेलं माणूस चांगलं कधी रचत नाही. म्हणून आम्ही सगळ्यांना सांगतो, कान, डोळे आणि कवळी बरोबर न्या आणि शुद्ध आली की पहिल्यांदा ती मागा.

मागच्या महिन्यात एका निवृत्त गाण्याच्या मास्तरांना फोन केला. ते म्हणाले, "मेंदूबाई, मी भ्रमात गेलो तर बेसूर गाईन का हो?" मी म्हटलं, गाल तर गाल, बायकोला आधी सांगून ठेवा म्हणजे ती घाबरणार नाही. नंतर त्यांना खरंच दोन दिवस गोंधळ झाला. बायको उशाशी बसून राहिली, पडदा उघडा ठेवला, वाद घातला नाही. आता ते शिकवण्या घेतात. मला फोनवर तान ऐकवली, ती बेसूरच होती, पण ते आधीपासूनच असावं.

ह्यांच्या वेळी एकदा ह्यांनी माझा हात धरून विचारलं, "बाई, तुम्ही कुणाच्या?" मी म्हटलं, "अहो, असं काय करता, मी तुमचीच!" आणि चिडले. ते आणखी घाबरले. तेव्हा मला एवढंच माहीत असतं, की हात सोडवून न घेता नुसतं नाव सांगायचं, तर पुरे होतं.

आता दुसरं. जाऊबाई गेल्यापासून तुम्हाला झोप नाही, हे तुम्हीच मला किती पत्रांत लिहिलंत. मग आता भिंती हलवण्याइतके घोरायला कसे लागलात? झोपेची गोळी घेताय ना? कपाळावर हात मारून घेऊ नका, मी बघतेय. ती गोळी डॉक्टरांपासून लपवू नका, आणि माझं पत्र वाचून शूरपणे एकदम बंदही करू नका. तेही वाईट. त्यांना सांगा, ते हळूहळू कमी करतील.

नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पण भीतीनं नको, माहितीनं म्हणा.

वहिनी

---

२ एप्रिल

वहिनी,

तुम्ही एक्स्चेंजमध्ये नव्हे, पोलिसात असायला हव्या होतात.

हो. गोळी घेत होतो. ती गेल्यापासून घेतोय. टिल्लीलाही ठाऊक नव्हतं. इथल्या भूलवाल्या डॉक्टरांना भेटून सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं बोललात, आणि हळूहळू कमी करायचा तक्ता दिला. बॉयलरचंही तसंच. वाफ एकदम सोडली तर पाइप फुटतात. हे मला कळायला हवं होतं. पहिले दिवस वाईट गेले. आता थोडी थोडी आपली आपण झोप येते, चोरपावलांनी.

आणि यंत्र घेतलं. खोखो हसा.

वहिनी, माझ्या घरात किती आवाज आहे! चपला फटक फटक वाजतात. फ्रिज कण्हतो. नळ गळतोय हे कळलं, तो किती महिने गळत होता देव जाणे. आणि टिल्ली काम करताना गुणगुणते. मला वाटायचं ती गप्प असते. ती गुणगुणत होती आणि मी दुसऱ्या खुर्चीत दगडासारखा. तिला म्हटलं, "काय गं, कधीपासून?" ती म्हणाली, "लहानपणापासून, बाबा." मग ती गुणगुणायची थांबली आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन आली.

ऑपरेशन पंधरा तारखेला ठरलंय.

तुम्ही यायचं नाही. एवढा प्रवास तुमच्या गुडघ्यांना झेपणार नाही, आणि टिल्ली आहे. घरी आलो की मग निवांत या.

भीती वाटते हे लिहून ठेवतो. सर्जनची नाही. आत काय होईल त्याचीही नाही. मी बरळलो, कुणाला काही लागेलसं बोललो, तर टिल्लीनं ते मनावर घेऊ नये. तिला तुम्ही सांगा, तुमचं ती ऐकते.

तुमचा धाकटा

---

७ एप्रिल

भाऊजी,

हसले नाही. नळ दुरुस्त करून घ्या.

टिल्लीशी बोलले, चांगलं तासभर. तिला सांगितलं, की बाबा भलतंच बोलले तर ते बाबा बोलत नाहीत, ताप बोलतो तसं समज. वाद घालू नकोस, हो ला होही करू नकोस. आपलं नाव सांग, जागा सांग, दिवस सांग, आणि नर्सबाईंना लगेच कळव. तिनं सगळं ऐकून विचारलं, "आणि मला ओळखलं नाही तर?" मी म्हटलं, तर तू त्यांना ओळखतेस ना, मग झालं.

तुम्ही एवढंच करा. चांगलं खा, तळ्याच्या चकरा वाढवा, कोडी सोडवा. नंतर ते उठून बसा म्हणतील तेव्हा कण्हत का होईना बसा. चष्मा, यंत्र, त्याचे सेल आणि एक कागदांची वही व पेन पिशवीत आत्ताच भरा. कान दगा देतील तर कागद उपयोगी पडेल, आपल्या दोघांचं तर त्याच्यावरच चाललंय.

नका येऊ म्हणालात, म्हणून येत नाही. माझ्या मनाविरुद्ध तुमचं एवढं एकच ऐकतेय.

वहिनी

---

(तारीख नाही)

आई,

मला इथून ने. इथले लोक तोंडं हलवतात आणि आवाज करत नाहीत. मुद्दाम. वरच्या जाळीतून मुंग्या उतरतात, कुणी बघत नाही. बॉयलरचा काटा लाल रेषेच्या पुढे गेलाय. मी उठायला लागलो तर धरतात, हाताला नळी बांधलीये. सगळी गिरणी उडेल मग म्हणू नका.

दादाला निरोप दिला तो आला नाही.

एक ठेंगणी बाई येते आणि उशाशी बसून रडते. कुणाची कोण कळत नाही. बिचारीला कुणी नसेल. तिला काहीतरी खायला दे.

तू ये. मी अभ्यास केलाय. त्रास देणार नाही. दारात उभी राहा म्हणजे मला दिसशील.

*काकू, मी टिल्ली. आज बाबांनी हे लिहिलं आणि 'टाक पोस्टात' म्हणून हट्ट धरला. फोटो काढून मोबाइलवर पाठवतेय, म्हणजे आत्ताच मिळेल. ऑपरेशन चांगलं झालंय, जखम चांगली आहे. डॉक्टर म्हणतात निवळेल, रक्तबिक्त तपासतायत. ती ठेंगणी बाई म्हणजे मी. तुम्ही सांगितलं होतं तसं नाव सांगते, पण ऐकू जात नाही, यंत्र उपटून फेकतात. बाबा नको म्हणाले होते, पण काकू, तुम्ही येता का?*

---

१९ एप्रिल, रविवार, सकाळ
(हे मोठ्या अक्षरांत, तुमच्या पलंगाशेजारी बसून लिहितेय.)

भाऊजी, चष्मा मी घातलाय तुमच्या डोळ्यांवर. आता वाचा, आणि काय विचारायचं ते खाली लिहा.

मी वहिनी. तुमच्या दादांची बायको. काल रात्रीच्या गाडीनं आले.

तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात. पोटातली गाठ काढली. ऑपरेशन नीट झालं.

*आई कुठे आहे*

आई इथे नाहीत. मी आहे.

*काटा*

गिरणी कधीच बंद झाली. बॉयलर गार आहे. कुणाला काही होणार नाही.

*मुंग्या*

मला दिसत नाहीत. तुम्हाला दिसतात, हे खरं आहे. ऑपरेशननंतर असं होतं, मी तुम्हाला पत्रात लिहिलं होतं. वेड नाही. निवळतं.

*ती बाई*

ती टिल्ली. तुमची मुलगी. ती तुम्हाला ओळखते, तेवढं सध्या पुरे.

*ती सारखी रडते*

तुम्ही तिचा हात धरा, मग नाही रडणार.

आता तुमच्या कानात यंत्र घालते. फेकू नका. शिट्टी मारली तर मला सांगा.

---

२० मे

वहिनी,

तुम्ही परत गेलात तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतोय. हात चालतो, शब्द अडतात. काल दुकानात गेलो आणि त्या वस्तूचं नाव आठवेना. हातवारे केले. दुकानदारानं तीन वस्तू दाखवल्या, चौथी साबण निघाली. शब्दकोडं अर्ध्यावर सोडतो. हिशेबाला उशीर लागतो. हे असंच राहणार का, ते मेंदूबाईंनी खरं सांगावं.

गाठीचा रिपोर्ट आला. होती वाईटच, पण कडेपर्यंत पोचली नव्हती, सगळी निघाली. सर्जन म्हणाला आता नुसती तपासणी करत राहायची. अजून दोन-चार महिने घालवले असते तर वेगळं बोललो असतो, असंही म्हणाला. हे त्यानं हळू आवाजात सांगितलं आणि मला ऐकू आलं.

टिल्ली पुन्हा गुणगुणते.

एक विचारायचंय. त्या दिवसांतलं मला काही आठवत नाही. कापूस भरल्यासारखं आहे. टिल्ली म्हणते तुम्ही तिथे मोठ्या अक्षरांत लिहून माझ्याशी बोललात, तो कागद तिनं दाखवला. त्याआधी मी एक पत्र लिहिलं होतं म्हणते, पण ते दाखवत नाही. "काकूंना विचारा" म्हणते. मी कुणाला काय लिहिलं होतं? शिव्या दिल्या का? दादासारखा कुणाला चोर म्हटलं का? असेल ते सांगा, वहिनी. न सांगितलेलं जास्त टोचतं.

तुमचा धाकटा

---

२५ मे

भाऊजी,

साबणानं एवढं हताश होऊ नका. माझ्या म्हाताऱ्यांपैकी बरेच जण हेच सांगतात. कुणाचं महिन्यात सुधारतं, कुणाला सहा लागतात, आणि थोड्यांचं थोडं मागे राहतं. तुमचं कुठल्यातलं ते मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचं सोंग करणार नाही. पण माणूस दुकानात जाऊन हातवारे करून साबण घेऊन येतो, म्हणजे त्याचं डोकं जागेवर आहे. फक्त शब्द जरा मागच्या फळीवर गेलेत. कोडी सोडू नका. अर्धं तर अर्धं.

आता तुमचा प्रश्न.

शिव्या नाही दिल्यात. चोर कुणाला म्हटलं नाहीत. ते पत्र तुम्ही तुमच्या आईंना लिहिलं होतंत. मला इथून ने म्हणून. अभ्यास केलाय, त्रास देणार नाही, असं लिहिलं होतंत. टिल्लीला ओळखलं नव्हतं, पण ही बाई रडते, तिला काहीतरी खायला दे, असं आईंना सांगितलं होतंत. टिल्लीला तेच पत्र दाखवायचं नाहीये, कारण तिला ते स्वतःजवळ ठेवायचंय. "काकू, मला ओळखत नव्हते तरी माझी काळजी करत होते," म्हणाली. तेव्हा तिला लागेलसं काही बोललो का, ही चिंता सोडा.

मी पोचले तेव्हा तुम्ही दाराकडे टक लावून होतात. मी दारात आले आणि तुमचा चेहरा असा उजळला, भाऊजी, की मला आत पाऊल टाकवेना. तुम्ही म्हणालात, "आलीस?" नर्सबाई माझ्याकडे बघायला लागल्या. टिल्ली माझ्याकडे बघायला लागली.

मी किती जणांना फोनवर सांगितलंय, की हो ला हो करू नका, खरं तेच हळूच सांगा. सांगणं सोपं असतं. माझ्या जिभेवर 'हो, आले' आलं होतं. तेवढं म्हटलं असतं तर तुम्ही त्या क्षणी शांत झोपला असतात. पण मग तुम्ही त्याच गोंधळात झोपला असतात, आणि जागे झाल्यावर पुन्हा शोधलं असतंत. म्हणून खुर्ची ओढली, चष्मा शोधला आणि लिहिलं, मी वहिनी. तुम्ही वाचलंत, आणि चेहरा पडला. तो पडलेला चेहरा मी इकडे परत घेऊन आलेय, खरं सांगते.

यंत्र टिल्लीच्या पर्समध्ये होतं. तुम्ही दोनदा फेकलंत म्हणून हरवू नये या भीतीनं तिनं जपून ठेवलं होतं, बिचारीनं. दुपारी ते कानात राहिलं. खिडकीचा पडदा काढला, तुम्हाला धरून खुर्चीत बसवलं. संध्याकाळी टिल्ली सूप भरवत होती तर तुम्ही म्हणालात, "मीठ नाही यात." ती म्हणाली, "बाबा, मी कोण?" तुम्ही चिडून म्हणालात, "कोण म्हणजे? टिल्ली!" मग आम्ही दोघी व्हरांड्यात जाऊन हसलो आणि रडलो. पुढचे दोन दिवस येऊन जाऊन होतं, मग निवळलं.

झालं एवढं. यात लाजण्यासारखं काही नाही.

वहिनी

---

१ जून

वहिनी,

पत्र आलं तेव्हा टिल्ली विद्यार्थी घेऊन निघत होती. तिला जाऊ दिलं आणि मग पुन्हा वाचलं.

हे लिहायला तीन दिवस लागले. शब्दांसाठी थांबावं लागतं, पण थांबलो की येतात, हे आता ध्यानात आलंय.

वहिनी, आई गेली तेव्हा मी फार लहान होतो. तिचा चेहरा मला आठवत नाही. फोटो एकही नव्हता. दादाला आठवायचा. त्याला विचारलं की तो म्हणायचा, "चांगली होती," आणि कामाला लागायचा. तुम्ही घरात आलात तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, आणि तोवर मी विचारायचंही सोडलं होतं.

काही आठवत नाही असं मी लिहिलं, ते पुरतं खरं नव्हतं. एक गोष्ट उरली आहे. मी सांगितली नाही, कारण ती खरी की त्या मुंग्यांसारखीच, ते कळत नव्हतं. मी जिची वाट बघत होतो ती मला दिसत होती. स्पष्ट. मी शाळेच्या घाईत उभा आहे, आणि ती शर्ट अंगात असतानाच त्याचं बटण शिवतेय. मला म्हणते, हलू नको, टोचेल. मग वाकून दातानं दोरा तोडते. तिचे केस माझ्या हनुवटीला लागतात.

ती डाव्या हातानं शिवत होती.

तुमचं पत्र वाचल्यावर मी बराच वेळ बसून आठवत होतो. आपल्या घरात डावखुरं माणूस एकच होतं, वहिनी.

म्हणजे तुम्ही कागदावर लिहिलंत ते बरोबर होतं. मेंदूबाईंनी तेच लिहायला हवं होतं, आणि तुमच्या सगळ्या म्हाताऱ्यांना तुम्ही तसंच शिकवा. माझा चेहरा पडला असेल तर तो विसरून जा. मला तो आठवतही नाही.

पण दारात तुम्हाला बघून "आलीस?" म्हणालो, तिथे मीही चुकलो नव्हतो.

तुमचा धाकटा